कातरओट्यावरची नववी बैठक

"डाक्टर, मेंढरू मरायचं न्हाई, पण मेल्यागत पडंल, असं काय औषध हाय का तुमच्याकडं?"

दवाखान्याच्या खिडकीतून हा प्रश्न आला तेव्हा मी जेवण आटोपून, डोळे मिटून सरकारी काम करत होतो. डोळे उघडले. खिडकीत बायडा उभी होती. धुळाबाची सून. तिशीची, उंच, कपाळावर जुन्या रुपयाएवढं कुंकू.

मी डॉक्टर नव्हतो. नेमणुकीच्या कागदावर 'स्टॉकमन, हंगामी' असं लिहिलं होतं. पण रायगोंडीच्या कुरणावर सुई टोचणाऱ्या प्रत्येकाला डाक्टर म्हणत, आणि चोवीस वर्षांच्या माणसाला असली चूक दुरुस्त करायची घाई नसते.

"कशाला हवंय?" मी विचारलं.

"पयलं सांगा, हाय का."

"आहे. गुंगीचं इंजेक्शन आहे. पण ते माणसाला देत नाहीत."

"माणूस असता तर तुमच्याकडं कशाला आले असते?" ती म्हणाली. "मेंढीला द्यायचंय. उद्याच्याला. नवव्या बैठकीच्या."

माझी झोप उडाली.

ही नववी बैठक काय प्रकार होता ते सांगायला हवं, नाहीतर बायडा वेडी वाटेल, आणि वेडं तिथं कुणीच नव्हतं. रायगोंडीचं कुरण मूळचं जहागीरदारांचं. चारेक हजार एकर माळ, कुसळी गवत, मध्ये एक तळं. कुण्या हौशी जहागीरदारानं तळ्याच्या काठी मेंढरं कातरायला काळ्या दगडाचा लांबलचक ओटा बांधला आणि धनगरांची बारा घराणी आणून त्यावर बसवली. एकेका घराण्याला एकेक बैठक, बापामागं पोराला. बसून बसून दगडात बारा खळगे पडले होते, ताकाच्या वाडग्यासारखे गुळगुळीत. पुढं जहागीर गेली, कुरण सरकारी झालं, फाटकावर मेंढी पैदास केंद्राची पाटी लागली, पण कातरओटा तसाच राहिला आणि त्याचा कायदाही. कायदा असा, की ज्या बैठकीवर एका कातरणीला मेंढी पडली नाही ती बैठक त्या घराण्याची गेली.

धुळाबा पहिल्या बैठकीवर बसायचा; ती त्याच्या आजोळच्या घराण्याची, तिकडं वारस उरला नाही म्हणून त्याच्याकडं आलेली. स्वतःची नववी बैठक त्यानं एकुलत्या एका मुलाला, लखूला दिली होती. अकरा वर्षांपूर्वी ऐन कातरणीत लखू अर्धी कातरलेली मेंढी तशीच टाकून उठला, "पानी पिऊन येतो" म्हणाला आणि गेला. तळं ओट्यापासून चाळीस पावलांवर. तळ्यात गळ टाकून पाहिले, विहिरी उपसल्या, जत्रा धुंडाळल्या. पाणी प्यायला इतका लांब गेलेला माणूस मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

पुढच्या वर्षी बैठक जायची वेळ आली. धुळाबा कायद्याला पक्का. त्यानं नवव्या खळग्यापुढं एक म्हातारी मेंढी आडवी घातली, शेजारी लखूची कातर ठेवली आणि पंचांना म्हणाला, "मेंढी पडली न्हवं? कातरायची कुनी त्ये कायद्यात न्हाई." पंचांनी ते मान्य केलं. आणि मग पहिल्या फेऱ्यात ती मेंढी हलायला लागली.

हलायला म्हणजे उठून पळायला नव्हे. दरवर्षी म्हातारी मेंढी नवी, पण हलणं तेच. मी आदल्या वर्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. इतर मेंढ्यांचे पाय बांधतात, हिचे मोकळे. तरी ती पडून राहिली. मग तिनं पुढचा पाय उचलला, जसा कातर बगलेत शिरताना उचलावा लागतो. मग पोट ताणलं. मग मान लांब केली. मग आपणहून कूस पालटली. कातर जमिनीवर होती तिथंच होती, लोकरीचा एक केस तुटला नव्हता, पण मेंढी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत कातरून घेत होती.

त्यावरून धुळाबानं बिरोबाची आण घेऊन ठरवून टाकलं होतं, की लखू जिता आहे. कुठंतरी, कुणाच्या तरी माळावर बसून तो कातरतो आहे आणि इकडची मेंढी त्याच्या हाताला साथ देते आहे. जोवर ती हलते तोवर त्याची बायको त्याची. ज्या वर्षी मेंढी हलणार नाही त्या वर्षी सून मोकळी.

मी तेव्हा नुकतं प्रशिक्षण घेऊन आलेलो, म्हणजे मला सगळं माहीत होतं. मी ओट्यावरच सगळ्यांना गोळा करून व्याख्यान दिलं. म्हाताऱ्या मेंढीला आठ-दहा वेळा कातरलेलं असतं. डावी-उजवीकडं कातरींचा आवाज चालतो. तिला सवयीनं क्रम पाठ झालेला असतो. शाळेची घंटा झाली की पोरं उठतात तसं. त्यात भूत-देव काही नाही. लोकांनी फार शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी धुळाबा म्हणाला, "डाक्टर चांगलं बोलत्यात," आणि सगळे भाकरी खायला गेले.

त्या व्याख्यानातलं एक वाक्य एकाच माणसानं लक्षात ठेवलं होतं, आणि ते माणूस आता माझ्या खिडकीत उभं होतं.

"तुमीच म्हनालावता न्हवं, सवयीनं हलती म्हनून?" बायडा म्हणाली. "मग सवय झोपवा तिची."

"आणि मग?"

"मग मी मोकळी."

मी जरा सावरून बसलो. "मोकळी होऊन काय करणार?"

ती पहिल्यांदा खाली बघायला लागली. "मायाप्पा हाय न्हवं. आठव्या बैठकीचा. बायकू जाऊन चार वर्सं झाली त्येची. त्येच्या आईनं ईचारलंय. दुसरं लगीन, म्होतूर लावू म्हनती. आनी..." ती थांबली. "आनी मलाबी चालतंय."

"धुळाबाला सांगून बघ ना सरळ."

"मामा वाईट न्हाईत, डाक्टर. ताटात पयली भाकर मला वाढत्यात. पर त्येंचा एकच ल्योक. मेंढी हलली की दोन दिस त्येंच्या तोंडावर असा उजेड असतोय, की मला बोलवत न्हाई. अकरा वर्सं झाली. आता ह्या साली न्हाई झालं तर मायाप्पाची आई दुसरी बगनार. तिचंबी बराबर हाय. घरात दोन ल्हान लेकरं हाईत."

मी तिला हो म्हणालो. थोडं तिच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर बरंचसं माझ्या व्याख्यानासाठी. ज्या व्याख्यानानंतर लोक भाकरी खायला जातात ते मनाला लागून राहतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या सुमाराला मी मेंढरांच्या वाड्यात शिरलो. मेंढरं दोन दिवस आधी तळ्यात धुऊन काढलेली, नव्या गादीसारखी फुगलेली. नवव्या बैठकीची म्हातारी वेगळी बांधली होती. मी सुई भरली. मेंढीच्या वजनाला जेवढं औषध लागतं त्याच्या दीडपट भरली; शास्त्राची बाजू असली म्हणून काय झालं, जरा हात सैल सोडावा.

"काय टोचताय, डाक्टर?"

मागं धुळाबा. मला त्याच्या वहाणांचा आवाज आला नव्हता.

"लस," मी म्हणालो. "देवीची."

"एकीलाच?"

"म्हाताऱ्यांना आधी. सरकारी नियम आहे."

"सरकारला म्हाताऱ्यांची लई काळजी," धुळाबा म्हणाला आणि मेंढीच्या पाठीवरून हात फिरवून निघून गेला.

तासाभरात म्हातारी ओली गोणपाटं टाकावीत तशी पडली. दोघांनी उचलून ओट्यावर नेली. "धुण्यात गारठली जनू," एकजण म्हणाला. नवव्या खळग्यापुढं तिला आडवी घातली. मी जवळ जाऊन, तपासतो आहे असं दाखवत तिच्या कानाच्या पाळीत सुई टोचली. कान हलला नाही. डोळे अर्धवट उघडे, जीभ दातांबाहेर, श्वास खोल आणि एकसारखा. चांगली दोन-अडीच तास उठणार नव्हती.

बायका लोकर गोळा करायला ओट्याखाली उभ्या होत्या. बायडा त्यांच्यात. मी तिच्याकडं पाहून एकदाच मान हलवली. तिनं पदर ओढून घेतला.

ऊन ओट्यावर आलं होतं. धुळाबानं भंडारा उधळला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" झालं, आणि अकरा कातरी एकदम सुरू झाल्या. कातरओट्यावर पहिल्या फेऱ्यात कुणी बोलत नाही. फक्त खच्‌ खच्‌ असा आवाज, तोही सगळ्यांचा एका तालात. मी नवव्या बैठकीपासून पाच पावलांवर, लिंबाच्या झाडाला टेकून उभा होतो. मनातल्या मनात दुसऱ्या व्याख्यानाची जुळवाजुळव करत होतो.

पाऊण एक मिनिट गेलं असेल. म्हातारी निपचित. मायाप्पा शेजारच्या बैठकीवर मान खाली घालून कातरत होता, पण त्याचे कान नवव्या बैठकीकडं लागलेले लांबूनही दिसत होते.

मग मेंढीच्या पोटावरची लोकर दबली.

वाऱ्यानं दबते तशी नव्हे. वारा नव्हताच. चांगली तळहाताएवढी जागा, कडेनं लोकर वर आणि मधे खोलगट, कुणी हात टेकवून जनावराला दाबून धरावं तशी. मी टेकलेलो सरळ झालो. तो खोलगट ठसा पोटावरून सरकत बगलेकडं गेला. आणि म्हातारीचा पुढचा पाय उचलला गेला.

तिनं उचलला नाही. मी इथं अगदी नेमकं बोलतो आहे, कारण ही गोष्ट मी पुढं बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही आणि स्वतःला मात्र पुष्कळदा सांगितली. जनावर पाय उचलतं तेव्हा आधी खांदा हलतो. खांदा मेलेला होता. फक्त मनगटाच्या वरून पाय हवेत गेला आणि खूर खाली लोंबत राहिला. झोपलेल्या पोराचा हात आपण उचलावा तसा.

पोट ताणलं गेलं. मान लांब झाली, जीभ तशीच बाहेर, ओट्याच्या दगडावर घासत. डोळे अर्धवट उघडे, काही न बघणारे. सवयीबद्दलचं माझं सगळं ज्ञान त्या लिंबाखाली माझ्या पायाशी गळून पडलं. झोपलेल्याला सवय नसते.

बाकीच्यांना त्यात नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं. दरवर्षीसारखी मेंढी हलत होती. पहिल्या बैठकीवर धुळाबा मान तिरकी करून बघत होता आणि बायडानं सांगितलेला तो उजेड त्याच्या चेहऱ्यावर यायला लागला होता. मायाप्पाची कातर मात्र थांबली. त्यानं एक सुस्कारा टाकला, हरलेल्या माणसाचा, आणि पुन्हा कातरायला लागला.

हे औषध टोचलेलं जनावर आहे हे त्या सबंध माळावर दोघांनाच ठाऊक होतं. बायडानं माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार? मी रिकामी सुई खिशात असलेला माणूस. मी मान हलवली, आणि ती होकारार्थी होती की नकारार्थी ते मला आजही सांगता येणार नाही.

ती पांढरी पडली. मग तिनं हातातली लोकरीची पाटी शेजारणीकडं दिली, पदर खोचला आणि ओट्यावर पाय ठेवला.

कातरओट्यावर बाई चढत नाही. एकेक करत कातरी थांबल्या. खालून कुणीतरी "आगं ए, आगं बायडे" म्हणालं. ती नवव्या बैठकीपुढं येऊन उभी राहिली. मेंढी कूस पालटण्याच्या बेतात होती. मागचा पाय हवेत, अर्धं अंग उचललेलं.

"लखू," ती म्हणाली.

खालच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. अकरा वर्षांत, आणि त्याआधीच्या संसारातही, तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं.

"पानी पिऊन येतो म्हनालास. मी भाकरी झाकून ठेवली. कुठं हाईस त्ये मी ईचारत न्हाई. जिता हाईस का न्हाईस त्येबी आता ईचारत न्हाई. जिता असशील तर तुला मेंढी सापडती, घर सापडत न्हाई व्हय? आनी नसशील तर मला का धरून बसलाईस?" तिचा आवाज चढला नव्हता. घरात नवऱ्याशी बोलावं तसं ती बोलत होती. "वरसातनं एक मेंढी कातरतोस आनी नवरा म्हनवून घेतोस. बास झालं. मला जायाचं हाय. सरक."

आणि ती त्या खळग्यात बसायला गेली. एका माणसापुरता खळगा. रिकामा दिसत होता. ती सरळ बसू शकली नाही. भरलेल्या एसटीत आधीच बसलेल्याला कमरेनं ढकलत आपण जागा करून घेतो, तशी ती आधी कडेवर टेकली, मग एक रेटा दिला, मग दुसरा, आणि मग आत बसली. ओट्यावर एक माणूस हसला नाही. मलाही हसू आलं नाही, आणि मला नको तिथं हसायची खोड आहे.

तिनं जमिनीवरची कातर उचलली. गंजलेली, घट्ट. मेंढीच्या पोटाशी तिनं पहिली खच्‌ केली. मूठभर लोकर सुटली. मेंढीचा पाय मात्र हवेतच राहिला. तिनं तो एका हातानं खाली ओढला, तो येईना. ती दोन्ही हातांनी ओढायला लागली. दात आवळलेले, डोळ्यांत पाणी.

धुळाबा उठला.

तो ओटाभर चालत यायला लागला. मायाप्पा अर्धा उठून उभा राहिला. म्हाताऱ्यानं हात टाकला तर मधे पडायच्या तयारीनं. धुळाबा नवव्या बैठकीपाशी येऊन उकिडवा बसला. त्यानं सुनेकडं पाहिलं नाही. मेंढीची पापणी वर करून बघितली. बाहेर आलेली जीभ चिमटीत धरून सोडली. तिच्या कानावर मी टोचल्या जागी रक्ताचा ठिपका वाळला होता, त्यावर बोट ठेवलं. साठ वर्षं मेंढरात घालवलेला माणूस. त्याला कळायला तेवढं पुरलं. त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं.

"लस व्हय, डाक्टर?"

मी सुईच्या खिशावर हात दाबून धरला.

म्हातारा पुन्हा मेंढीकडं वळला. त्यानं हवेत थांबलेल्या त्या पायाकडं पाहिलं. मग हळूहळू त्याचा हात वर आला आणि त्या पायाच्या वर, जिथं काहीच नव्हतं तिथं, थांबला. मनगटावर हात ठेवावा तसा. मला तेव्हा समजलं की मी काय करून बसलो होतो. इतकी वर्षं त्याच्याकडं आशा होती. मेंढी सवयीनं हलत असेल, ही शंका त्यालाही कधीतरी चाटून गेली असणारच. रात्री झोपताना जाईलच की. माझ्या सुईनं ती शंका काढून टाकली. झोपलेलं जनावर, आणि हवेत धरलेला पाय. त्याच्याइतकी खात्री कुणा बापाला मिळाली नसेल. त्याचा पोरगा तिथं होता.

"लखबा," तो म्हणाला. लहान पोराला म्हणावं तसं. "आरं, लेका. सोड आता."

काही झालं नाही.

धुळाबानं मेंढीचा पाय धरला. मग दुसरा धरला, गुडघा टेकला, आणि चारही पाय छातीशी ओढून घेतले. "कातर, पोरी," तो सुनेला म्हणाला. "पोटापासनं वर जा. टोक खाली ठेव, न्हाईतर चामडं कापशील."

बायडा कातरायला लागली. तिला येत नव्हतं. लोकर तुकड्यातुकड्यांनी निघत होती. म्हाताऱ्यानं मान वर न करता हाक मारली.

"मायाप्पा."

"जी, काका."

"आईला सांग तुझ्या." त्याचा श्वास तुटत होता. "आईतवारी या म्हनावं. बोलायला."

मायाप्पानं टोपी काढून हातात घेतली आणि तसाच उभा राहिला.

मी पुढं झालो, म्हाताऱ्याला मदत करावी म्हणून. त्यानं मानेनंच मला नको म्हटलं. म्हातारी मेंढी माझ्या औषधानं गार पडलेली होती; नाकावरची माशी हाकलायचं बळ तिच्यात नव्हतं. बायडाची कातर तिच्या अंगावरून कशीही फिरत होती आणि ती साधी थरथरत नव्हती. आणि धुळाबा दगडाला टाचा रोवून, दात ओठात रुतवून, मागं रेलला होता. त्याच्या दंडांच्या शिरा दोरखंडासारख्या तटतटून आल्या होत्या, आणि समोरचा जोर वाढत चालल्यासारखे त्याचे दोन्ही हात तसूतसूनं पुढं ओढले जात होते, पण तो सोडत नव्हता.